मागून येणारी ओळ

गिरगावात आमच्या वाडीच्या राममंदिरात मनमोहनबुवा त्रिलोकेकर दर चैत्रात कीर्तनाला उभे राहतात. कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस, त्यामुळे पूर्वरंगात एखादा इंग्रजी शब्द घेऊन त्याचं मूळ खणायची सवय. लालबागहून येणारे दत्ताराम दरवर्षी विचारतात, "बुवा, आज कुठला गोरा धरून आणलात?"

यंदा कीर्तन होणारच नव्हतं. माघात परळच्या इस्पितळात वासंतीताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यात गाठीबरोबर आवाजही गेला. लग्न झाल्यापासून बुवांच्या मागे झांज घेऊन ध्रुवपद धरायच्या त्या. बुवांनी कळवून टाकलं की आता चिपळ्या ठेवल्या. ताईंना ते पटेना. त्या नुसत्या ओठांनी बोलतात आणि बुवांना ते वाचता येतं. बुवांनीच मला सांगितलं, ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुमची पाठच ऐकली. एकदा समोर बसू द्या." मग बुवांना नाही म्हणवलं नाही.

ताई पहिल्या रांगेत बसल्या, गळ्याशी श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रावर मऊ रुमाल. मागे त्यांच्या जागी त्यांची शिष्या जुई. बुवांनी आपणहून शब्द काढला, रिफ्रेन. म्हणाले, हा एक शब्द नव्हे, दोन आहेत. नाव सारखं म्हणून पोस्टमन चुकतो, एवढंच. एकाचा अर्थ स्वतःला आवरणं, तो घोड्याच्या लगामातून आला. दुसरा म्हणजे गाण्यात फिरून येणारी ओळ, आपलं ध्रुवपद. तो आला मोडण्यातून. कडवं मोडतं तिथे ही ओळ येते, मरीन ड्राइव्हच्या दगडांवर लाट फुटून मागे वळते तशी.

दाखल्याला त्यांनी अभंग घेतला. कडवं संपलं आणि सवयीने अर्धवट वळून डावा हात मागे केला, ओळ सोडून दिली. हात कुणासाठी होता ते सगळ्यांना कळलं. जुईलाही कळलं, तिच्याने ओळ उचलवेना. पेटी सूर धरून राहिली.

तेवढ्यात समोर ताईंनी ओळ घेतली. डोळे मिटलेले, ओठ चालू, रुमालाखाली श्वासाची बारीक फुसफुस. जुईने सावरून तोंड उघडलं, तर बुवांनी तिला हातानेच थांबवलं. चिपळ्यांवर ठेका ठेवून ते त्या ओठांकडे बघत राहिले. ओठ मिटले तेव्हा पुढचं कडवं घेतलं. मग प्रत्येक कडव्यामागे तेवढी जागा मोकळी. पोरंसोरंसुद्धा हलली नाहीत.

मध्यंतरात बुक्का लावायला मी पुढे गेलो. बुवा वाकले आणि माझ्यापुरतं म्हणाले, "शेवटी शेवटी तिला श्वास पुरला नाही हो."

मी त्यांच्या गळ्यात हार घातला. ते उत्तररंगाला उभे राहिले.