सम्राटच्या हातची धार

मित्रांनो, मी एक उतारवयाची म्हैस आहे. कोल्हापुरातून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जोतीरामच्या गोठ्यात मी सहा वेळा व्याले. हट्टीपणा माझ्या अंगात पहिल्यापासून आहे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

जोतीरामचा मुलगा सम्राट शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं मन आजारी पडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर गोळ्या चालू होत्या, पण तो आंघोळ करीना, कुणाशी बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. मग दवाखान्यातल्या प्रियदर्शनी मॅडम घरी आल्या. रोजच्या साध्या कामांतून माणसाला पुन्हा उभं करणं, हेच त्यांचं काम. त्यांनी त्याला आधी फक्त माझ्यापुढे पाणी ठेवायला लावलं. पंधरा दिवसांनी मला धुवायला, मग धार काढायला. पहिल्या दिवशी त्याला धार नीट जमेना, पण मी पान्हा चोरला नाही. हळूहळू तो किटली घेऊन एकटा दूध संस्थेत जाऊ लागला. तिथं दुधाला फॅट चांगलं लागलं की घरी येऊन सांगायचा. माझा जीव सुखावायचा.

दिवाळीत त्याची आत्या शालूबाई आली.

"दादा, आजारी पोरगं शेणात राबवतोस व्हय? गाव काय म्हणंल?"

जोतीराम ओशाळला. त्याने सम्राटच्या हातातली किटली काढून घेतली.

"आबा, जमतंय की मला."

"तू नुसता निजून ऱ्हा, बाळा. आमी हाय की."

मायाच होती ती, पण तिनेच घात केला. धारेला केरबा नावाचा गडी आला आणि सम्राट पुन्हा भिंतीकडे वळला. मॅडमनी परोपरीने सांगितलं, "काका, हे कामच त्याचं औषध आहे."

"औषध गोळीत असतंय," जोतीराम म्हणाला.

मीही इरेला पेटले. केरबाला थेंब दिला नाही. वाटलं, अडल्यावर तरी सम्राटला हाक मारतील. पण जोतीराम म्हणाला, "म्हस आटली. बाजार दाखवूया." माझ्या हट्टापायी सम्राटला परत मिळू शकणारं कामही गेलं.

मित्रांनो, आजारी माणसाला जरूर जपा, पण त्याच्या हाताला जमणारं काम काढून घेऊ नका.

आज सकाळी मला टेंपोत चढवलं. मी जीव तोडून रेकले. जोतीरामने घराच्या खिडकीशी जाऊन हाक मारली, "सम्राट, म्हस चालली रं!" खिडकीतून मला दिसलं, पांघरुणातून सम्राटचा एक हात बाहेर आला आणि त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.