जिवलीला तोलणारा तराजू

मित्रांनो, मी बोईसरच्या गवताच्या वखारीतला एक जुना तराजू आहे. आता दांडी गंजली आहे, एक साखळी तुटली आहे. पण ऐन उमेदीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. डोंगरपाड्यांवरून गवताचे भारे येत, मापाडी भगवंतराव ते माझ्या फळीवर टाकत आणि किलोच्या नव्या वजनांनी तोलत. भारा जड भरला की सगळे खूश. त्यामुळे जड ते चांगले, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

१९६३ साली भारे वाहणारा चिंतू आपल्या दहा वर्षांच्या जिवलीला बरोबर आणू लागला. पोरगी नुसती काडी होती. दिवाळीनंतर मात्र तिचे गाल भरले, पोट पुढे आले. गंमत म्हणून तिला माझ्या फळीवर बसवले, तर सत्तावीस किलो! "माज्या पोरीनं आंग धरलं," म्हणत चिंतूने वखारीत गूळ वाटला. मीही ऐटीत झुललो. सकाळी तिचे डोळे सुजून मिटलेले असत, ती भिंतीला टेकून बसून राही. ते सगळ्यांना दिसत होते, पण तिला कुणी काही विचारले नाही.

एकदा पालघरचे डॉक्टर आपल्या गायीसाठी गवत न्यायला आले. त्यांनी जिवलीच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे अंग नाही, पाणी साठलंय. मूत्रपिंडं बिघडलीत हिची. कमरेच्या मागे दोन असतात, जादा पाणी तीच बाहेर काढतात."

चिंतूने क्षणभरही विचार केला नाही. "मंग माजा एक काडा नि हिला बसवा."

डॉक्टर म्हणाले, "परदेशात तसं करून बघताहेत म्हणे. हिला सध्या गोळ्या देतो. मीठ बंद, सुकी मासळी बंद. आणि रोज सकाळी वजन करा. उतरलं पाहिजे."

उतरलं पाहिजे! जन्मात असे कुणी मला सांगितले नव्हते.

दहा दिवस काही झाले नाही. मग सव्वीस, पंचवीस, तेवीस असे करत महिन्याभरात जिवली वीस किलोवर आली. गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या. येणारा-जाणारा हळहळू लागला, "गोळ्यांनी पोर खाल्ली!" स्वतःचे मूत्रपिंड द्यायला निघालेला चिंतू माझ्या आकड्याला मात्र भ्याला. एका सकाळी जिवली फळीवर बसलेली असताना तो म्हणाला, "आजपासून गोळ्या बंद. माजी पोर संपत चालली."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याला घाबरवणारा मीच होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

भगवंतरावांनी हातातले वजन खाली ठेवले. "चिंतू, आपण रोज तराजूला विचारतो. पोरीला कधी विचारलंय का?" ते तिच्यापुढे उकिडवे बसले. "जिवले, तुला कसं वाटतंय?"

ती दचकली. मग म्हणाली, "हलकं वाटतं, काका. डोळे उघडतात. दम नाय लागत." टुणकन उतरून तिने स्वतःच नडगीवर अंगठा दाबला. "बघ ना बा, खड्डा पडत नाय."

चिंतूने दाबून पाहिले, दुसऱ्या पायावर पाहिले, पुन्हा पहिल्यावर पाहिले. मग तो रडू लागला. गोळ्यांची पुडी त्याने भगवंतरावांच्या हातात दिली. "तुमीच द्या रोज. माजा काय भरवसा नाय." मला इतके हायसे वाटले की माझ्या साखळ्या उगाचच किणकिणल्या.

पुढच्या काही वर्षांत सूज दोनदा परतली. पण तेव्हा जिवलीच आधी सांगे, "बा, डोळे जड हायेत," आणि वेळेवर डॉक्टर गाठले जात.

१९६९ साली ती स्वतः कापलेल्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली. तोवर वखारीत नवा काटा आला होता आणि मी कोपऱ्यात पडलो होतो. भारा टाकून ती सवयीने माझ्याच फळीवर बसली. भगवंतरावांनी हसत वजन उचलले, पण पारड्यात टाकले नाही.

"जिवले, कशी आहेस?"

"बरी हाय, काका. चांगली बरी हाय."

त्यांनी वजन परत जागेवर ठेवले. त्या दिवशी मी काहीच तोलले नाही, तरी माझे काम झाले होते.

मित्रांनो, माझ्या दांडीला कधीमधी तेल द्या, एवढेच मागणे. आणि घरात कुणी आजारी असेल तर वजन जरूर करा, मी खोटे सांगत नाही. पण त्या माणसालाही विचारा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.