कांद्याच्या चाळीसारखी कचेरी

पंचफुलाबाईने दुसरबीडच्या सडकेला लागून कचेरी बांधायला काढली, तेव्हा त्या कचेरीत बसणार कोण, हे तिलाही ठाऊक नव्हते. महाराष्ट्र नुकता झाला होता, पंचायत समित्या आल्या होत्या. सरकारला आता गावोगाव जागा लागणार, एवढे तिने हेरले आणि मळ्याचा सडकेकडचा तुकडा मोकळा केला. जागा भाड्याने गेली नाही तर तेवढा मळा गेला तो गेलाच, हे ती जाणून होती.

गावात वीज आली नव्हती, मग पंखा कुठला? वैशाखात टिनाखाली माणूस भाजून निघतो. आणि हाताशी पैसा बेताचाच.

"आपला कांदा चाळीत कसा टिकतो?" तिने दयाराम गवंड्याला विचारले. "खालून गार वारा शिरते, वरून गरम निघून जाते. माणसालेही तसंच पाहिजे."

"बाई, साहेब लोक काय कांदे हायेत?"

"कांदा गपचूप सडते. साहेब उठून जाईल."

टिन तिने नाकारले. मातीच्या रुंद भिंती, वर मातीचेच धाबे, झरोके तळाशी आणि धाब्याला लागून. सडक पश्चिमेला, म्हणून त्या अंगाला दारच ठेवले नाही. मावळतीचे ऊन घरात कोण घेणार? दार उत्तरेला. दयारामने मात्र साप शिरतील या काळजीने न विचारताच खालचे झरोके लिंपून टाकले. पंचफुलाबाई मळ्यातून आली, पाहिले आणि पहार उचलून स्वतःच फोडायला लागली.

"सापासाठी बांबूची जाळी बसव. वाऱ्याची वाट नको अडवू."

येणारेजाणारे तिच्या नवऱ्याला डिवचत. "कडूबा, तुह्या बायकोनं सडकेकडं पाठ केली बे!"

"माह्याकडंही करते कधीमधी," कडूबा म्हणे.

भर वैशाखात एक साहेब जागा पाहायला आले. आत बसले, टोपी काढली, पाणी प्याले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"गार आहे," ते म्हणाले. "पण सडकेवरून दार दिसत नाही. लोकांनी शोधत फिरायचं का? पश्चिमेला दार काढा, तर घेतो."

"दार काढते. पण त्याच्यापुढं ओसरी पाहिजे. नाहीतर ऊन तुमच्या टेबलावर येऊन बसंल."

"ओसरी होईल कधी?"

"सोमवारी या."

पैसा संपला होता, लाकूड आणणार कुठून? घरी येऊन ती आपल्याच ओसरीचे खांब ठोकून पाहू लागली.

"अवं, हे काय करून राह्यली?" कडूबाने विचारले.

"सागाचे हायेत. पोकळ नाहीत."

"आन आपुन काय उन्हात बसाचं?"

"आपुन बसतो कव्हा?"

कडूबाने शिडी आणून लावली. "वरून सुरू कर. खांब आधी काढशील तं धाबं माह्या डोक्यात येईल."

सोमवारी साहेब आले. नव्या दारापुढे ओसरीची सावली पडली होती. पंचफुलाबाई मळ्यात होती, म्हणून किल्ली द्यायला कडूबाच गेला.

साहेबांनी खांबावर हात फिरवला. "लाकूड जुनं दिसतंय?"

"मुरलेलं हाये, साहेब," कडूबा म्हणाला आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.