न घेतलेली चाकं

"चार वर्षांत ट्रॉलीचं एकही चाक घेतलेलं नाही?" नव्या मॅडमनी फाइलमधून मान वर केली. "त्याआधी दर तीन महिन्यांनी आठ. मग एकदम बंद. विसरलात का काका?"

विसरलो असेन, असं मला लगेच वाटलं. माझं तसंच आहे. कोणी काही विचारलं की पहिला संशय मला माझाच येतो. रुग्णालयाच्या खरेदी विभागात एकोणतीस वर्षं झाली, तरी सही केल्यावर ती माझीच आहे ना, हे मी बघून घेतो.

मॅडम खरेदी विभागाचा 'प्रोक्युअरमेंट विभाग' करणार होत्या. मला त्यात घ्यायचं की तळघरात जुन्या कागदांच्या राखणीला पाठवायचं, हे आज ठरणार होतं. निघताना बायको म्हणाली होती, "दोन्हींतला फरक विचारतील. तोंड उघडा म्हणजे झालं. पुस्तकातलं सांगितलंत तरी चालेल." त्यासाठी मी दोन जाड पुस्तकं वाचून काढली होती. आता त्यातलं अक्षर आठवेना.

मॅडमनी तेच विचारलं.

"खरेदी म्हणजे... चिठ्ठी येते, आपण वस्तू आणतो," मी म्हणालो. "आणि ते दुसरं... जरा मोठं असतं."

मॅडम हसू दाबत होत्या की माझी कीव करत होत्या, कळेना. तळघरात वाचायला उजेड असेल का, एवढाच विचार माझ्या मनात आला. तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टर औषधांची यादी घेऊन आत आल्या. बाहेरूनच त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"हे कसले विसरतात, मॅडम! मी चाकांची चिठ्ठी पाठवली, तर हे चिठ्ठी घेऊन थेट वॉर्डात. म्हणे, मोडतात कुठे ते बघायचंय. दोन तास दारात स्टूल टाकून बसले. पेशंट मला विचारायला लागले, या काकांना कुठे दुखतंय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग? कुठे मोडत होती?"

आता मला बोलावंच लागलं. "दारात उंबरा होता. चार बोटं उंच. भरलेली ट्रॉली दर वेळी त्यावर आदळायची. चाकं बिचारी चांगली होती. मग सुतारमामांकडून उंबरा दोन्ही बाजूंनी उतरता करून घेतला."

"आणि याची नोंद?"

"विकत काहीच घेतलं नाही ना. नोंद कशाची करणार? मामांनी बदल्यात माझी एक रहस्यकथा वाचायला नेली, तेवढंच. ती अजून परत आलेली नाही."

"कशी येईल?" सिस्टर म्हणाल्या. "ती माझ्याकडे आहे. शेवटची दहा पानं राहिलीत, खुनी सांगू नका."

मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मीही हसलो, जरा उशिराच.

"काका, ते दुसरं मोठं काम तुम्ही चार वर्षांपूर्वीच केलंय," मॅडम उठत म्हणाल्या. "उद्यापासून कसलीही चिठ्ठी आली, की आधी आपण दोघं स्टूल घेऊन जायचं. आता तो उंबरा दाखवा."

आम्ही वॉर्डाच्या दाराशी उभे राहिलो. समोरून औषधाच्या काचेच्या बाटल्यांनी गच्च भरलेली ट्रॉली येत होती. मामांचं काम टिकलं असेल ना? नकळत मी दोन्ही हात पुढे केले.

ट्रॉली उंबऱ्यावर चढली आणि पलीकडे उतरली. एकही बाटली वाजली नाही.

मी हात हळूच खिशात घातले.