लाउरीच्या कपातलं बूच

काइसाचा फोन आला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण लाउरीची पोर ती, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. म्हणाली, "हार्लनकाका, शनिवार-रविवार तुम्ही बाबांबरोबर असणार. त्यांच्यावर नीट लक्ष ठेवा आणि खरं काय ते मला सांगा. तळ्यावर एकटे हिवाळा काढू शकतील का ते? तुम्ही हो म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही म्हणालात तर त्यांना डुलुथला माझ्या घरी आणते."

झालं. माझे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, रात्रीची झोप केव्हाच रुसलीय, आणि दुसऱ्याच्या म्हातारपणाचा निकाल मी द्यायचा.

दर सप्टेंबरात, भूर्जाची पानं पिवळी पडायला लागली की आम्ही तिघं लाउरीच्या तळ्यावर मासे धरायला जमतो. मी, लाउरी आणि मर्ल. मर्ल म्हणजे तोंडाचा पट्टा. मासा लागो न लागो, त्याचं बोलणं थांबत नाही. लाउरी अगदी उलटा. बायको, हिल्मा, गेल्यापासून तो तिथेच, तळ्याकाठच्या घरात, बारमाही एकटा राहतो. शहरात चला म्हणून काइसा तेव्हापासून मागे लागलीय आणि त्याचं एकच उत्तर: इथून निघेन तो चौघांच्या खांद्यावरच.

यंदा त्याच्या तळ्यात मासा लागेना, म्हणून शनिवारी नाव ट्रेलरवर घालून पलीकडच्या मोठ्या तळ्यावर गेलो. मी दिवसभर गळाकडे कमी आणि लाउरीकडे जास्त बघत होतो. फार हलकट काम, पण करत होतो. त्याने पहिल्या फटक्यात गळाला दोरा बांधला. मला चष्मा लावूनही जमेना. पाण्याखालचा खडक कुठे आहे, हे त्याने किनाऱ्यावरचं एक वाकडं झाड बघून सांगितलं. तिथेच तीन चांगले वॉलआय मासे मिळाले.

"तू काय माझ्या तोंडाकडे बघतोस?" तो म्हणाला. "मासे पाण्यात आहेत."

"नवरी बघायला आल्यासारखा बघतोय सकाळपासून," मर्ल म्हणाला. "पसंत आहे का रे?"

लाउरीचं डोकं शाबूत होतं. काइसाला हो सांगायचं मी ठरवूनही टाकलं. बाकीचं दिसलं नाही असं नाही. पाण्याची बादली आणताना तो चढावर दोनदा थांबला. हिवाळ्याची लाकडं अजून न फोडलेलीच, ताडपत्रीखाली पडली होती. आणि संध्याकाळी सौनात, म्हणजे त्याच्या वाफेच्या खोलीत, तो सगळ्यात खालच्या फळीवर बसला. जन्मभर वरच्या, सगळ्यात गरम फळीवर बसून, खाली बसणाऱ्या आम्हाला बायकी म्हणणारा माणूस. मर्लने टोमणा मारला, तर लाउरी नुसता हसला. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, वय कुणाला चुकलंय.

रविवारी सकाळी पुन्हा मोठ्या तळ्यावर गेलो. गाडी लाउरीने चालवली, ट्रेलर मागे घेऊन नाव पाण्यात उतरवली. मर्ल मागच्या बाकावर जाऊन बसला. मी धक्क्यावर दोर धरून उभा.

"माझे मोजे ओले कसे झाले?" मर्ल म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "अरे, नाव भरतेय."

नावेच्या बुडाला मागे एक भोक असतं. पाण्याबाहेर काढली की तिथलं बूच काढायचं, सगळं पाणी गळू द्यायचं, एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून तसा कायदाच आहे आमच्याकडे. घोटाळा होतो तो दुसऱ्या दिवशी बूच लावायला विसरण्यात. म्हणून लाउरीची पद्धत अशी, की काढलेलं बूच गाडीतल्या त्याच्या कॉफीच्या कपात टाकायचं. सकाळी कॉफी ओतायला गेलं की आठवण होतेच. इतक्या वर्षांत नाव कधी भरली नव्हती.

आम्ही ती ओढून घेतली. घोट्यापर्यंत पाणी, त्यात डबे आणि मर्लच्या भाकरीचा पुडा तरंगत होता.

"लाउरी, लेका, बूच?" मर्ल म्हणाला.

लाउरीने टोपी काढली, पुन्हा घातली. "विसरलो," म्हणाला. "माझीच चूक."

मर्ल एकदम गप्प झाला. मर्ल गप्प बसला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. गाडीत दुसरं बूच आहे का बघतो म्हणून तो वर निघून गेला. काइसाला आता काय सांगू? थंडीने नाक गळत होतं, म्हणून रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला पितळ लागलं.

बूच माझ्या खिशात होतं. काल संध्याकाळी नाव मीच बाहेर काढली होती. बोटं गारठली होती, गाडीपर्यंत जायचा कंटाळा आला, मग टाकू म्हटलं.

"लाउरी," मी बूच पुढे केलं. "तू नाही, मी विसरलो."

"माहीत आहे. खिशात टाकलंस तेव्हा बघितलं मी. सकाळी कपात नव्हतं, तेव्हा आठवलंही."

"मग नाव उतरवलीस कशाला? बुडाली असती म्हणजे?"

"गुडघाभर पाण्यात? कशी बुडेल?" तो धक्क्याच्या कडेला बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. "काइसाने तुला फोन केला ना? मला कळतं रे. आज तिला सांग, बाबा बूच विसरला."

"तुझं डोकं आमच्या दोघांपेक्षा बरं चालतंय. मी तर तिला हो सांगणार होतो."

"तेच नको सांगूस." तो पाण्याकडे बघत होता. "हार्लन, मी थकलो. लाकडं फोडवत नाहीत. बर्फ उपसायचा विचार आला की रात्री छाती दडपते. पण तीन वर्षं तिच्याशी भांडलोय, आता मीच कोणत्या तोंडानं म्हणू, मला घेऊन जा?"

"तेवढंच म्हण की."

"थकलो म्हटलं तर ती रडेल. हिल्माच्या वेळी फार रडली. विसरलो म्हटलं तर नुसती चिडेल. चिडलेली चालते मला." मग वर बघून म्हणाला, "ठेव ते खिशात. मर्ल येतोय."

मी ठेवलं. त्या दिवशी कुणी गळ टाकला नाही.

दुपारी लाउरीच्या स्वयंपाकघरातून फोन लावला. तो बाहेर पायरीवर कप घेऊन बसला होता, पाठ माझ्याकडे. मी काइसाला सांगितलं, बाबा बूच लावायला विसरले. एकटं ठेवू नकोस आता. शनिवारी गाडी घेऊन ये.

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, हुंदका गिळत. म्हणाली, "काका, मला वाटत होतं तुम्ही हो म्हणाल." तिचं रडणं थांबल्यावर मी फोन ठेवला.

माझा कप घेऊन बाहेर आलो आणि त्याच्या शेजारी, गुडघे सांभाळत, पायरीवर बसलो.

"चिडली?" त्याने विचारलं.

"फार चिडली," मी म्हणालो.

"बरं झालं," लाउरी म्हणाला आणि उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली.