प्रभाग तीनचा एकुलता अर्ज

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तहसील कार्यालयात छाननी सुरू झाली. खडकवाडी ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीत प्रभाग तीनच्या जागेसाठी अर्ज एकच आला होता. अकरा वाजून सात मिनिटांनी तोही बाजूला ठेवण्यात आला.

अर्ज सत्यशीला राजानंद वाहुळे यांचा होता. वय एक्केचाळीस, व्यवसाय शिवणकाम. निवडणूक अधिकाऱ्यांनी सोबत जोडलेला, उमेदवाराला सक्तीचा असलेला शौचालय वापराचा दाखला दोनदा वाचला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. गावच्या ग्रामसेवकांनी लिहिलं होतं : ‘शौचालय आहे. वापराच्या खुणा दिसून आल्या नाहीत.’ खाली सही, शिक्का, सोमवारची तारीख.

“साहेब, रोज वापरतो आम्ही.”

“कागदावर तसं नाही. तीनच्या आत दुरुस्त दाखला आणा. नाही तर अर्ज नामंजूर करावा लागेल.”

“मंग दुसरं कोण उभंय?”

“कुणीच नाही. जागा रिकामी राहील.”

ती सव्वादोन वर्षांपासून रिकामीच होती. जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव. निवडून आलेल्या बाई राजीनामा देऊन लेकाकडे पुण्याला गेल्या. त्यानंतर एकदा पोटनिवडणूक लागली, तेव्हा एकही अर्ज आला नाही. मधल्या काळात नळाची पाइपलाइन पारापर्यंत आली आणि थांबली. पारापासून बौद्धवाडा सत्तर पावलांवर आहे. प्रभागाचं काम प्रभागाच्याच सदस्यानं सभेत मांडायचं, ही खडकवाडीची रीत. सदस्य नाही, म्हणून ठराव नाही. ठराव नाही, म्हणून वाड्यातल्या बायका अजून शाळेजवळच्या हापशावर हंडे लावतात. यंदाच्या आराखड्यात काम घालायची मुदत महिनाअखेरीस संपते.

ग्रामसभेत सरपंच तातेरावांनी विचारलं होतं, “तीन नंबरातून कुणी तयार हाय का?” सत्यशीलाबाईंनी हात वर केला. “मी व्हते.” टाळ्या पडल्या. गावात त्यांना कुणाचाही विरोध नव्हता, हे नोंदवायला हवं.

दाखल्यावर तसं का लिहिलं गेलं, याचं उत्तर घरातच होतं. सोमवारी ग्रामसेवक पाहणीला येणार, हे सासूबाई चांगुणाबाईंना शनिवारी कळलं. त्यांनी शौचालयाला आतून-बाहेरून चुना दिला. नवी बादली आणली. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणलेला झेंडूचा हार कडीला बांधला, आत दोन उदबत्त्या लावल्या. आणि शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत घरातल्या कुणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही. नातू टमरेल घेऊन ओढ्याकडे गेला, राजानंद गेले, स्वतः चांगुणाबाईही गेल्या.

“सायबाला काय घान दाखवायची का?” असं त्यांचं म्हणणं.

ग्रामसेवकांनी फोटो काढला. फोटोत शौचालय एखाद्या देवळीसारखं दिसत होतं. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं आणि पाकीट बंद करून दिलं. सत्यशीलाबाईंनी ते तसंच अर्जाला जोडलं.

पावणेबाराची जीप भरायला सव्वाबारा झाले. एक वाजता सत्यशीलाबाई पंचायतीत पोहोचल्या. ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार. आज ते खडकवाडीत होते, एवढीच त्या दिवसातली जमेची गोष्ट.

“भाऊसाहेब, हे काय लिहून ठेवलं तुम्ही?”

“ताई, चुन्याचा वास येत होता, भांडं कोरडं ठणठणीत. मी काय लिहू? फोटो अपलोड झालाय. एका घराची दुसरी पाहणी अ‍ॅप घेईना.”

“मंग अ‍ॅपलाच उभं करा निवडणुकीला.”

सरपंच तातेराव कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. ते हसले. “अहो भाऊसाहेब, पंचनामा करा ना. शेजाऱ्याची साक्ष घ्या. बराबर हाय की न्हाई?”

ग्रामसेवकांनी पेनाला टोपण लावलं, कोरे कागद घेतले. मग उठले.

सव्वा वाजता चौघं वाहुळेंच्या अंगणात जमले. शेजारच्या झुंबरबाईंना बोलावलं. त्यांचं शेत वाहुळेंच्या परसाला लागून, बांध एकच.

“ही लोकं शौचालय वापरतात का?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“जातेत की रोज.”

“म्हणजे वापरतात?”

“आता दार लावून घेतेत. पुढचं मी कसं सांगू?”

राजानंद खो-खो हसायला लागले. सत्यशीलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसू तिथंच थांबलं.

“काकू, नीट सांगा. दीड वाजून राह्यलाय.”

“वापरतेत, लिहा. शनिवारपासून चांगुणाबाईनं बंद पाडलं म्हनून ओढ्याला आल्ते सगळे. मला तर वाटलं, तुंबलं असंल.”

“ते शनिवारचं लिहू नका,” तातेराव म्हणाले.

“लिहावं लागेल. पंचानं सांगितलंय,” ग्रामसेवक म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

चांगुणाबाई दाराशी उभ्या होत्या. “ओ साहेब, आता आत जाऊ का मी? तुमच्यासमोर जाते, म्हंजे खुणा दिसतेन.”

“आत्या,” सत्यशीलाबाई म्हणाल्या, “तुम्ही आता काहीच करू नका. बिलकुल.”

पंचनाम्यावरून नवा दाखला लिहायला वीस मिनिटं लागली. शिक्का पंचायतीत राहिला होता. तो आणायला राजानंद मोटारसायकलवर गेले. पंचायतीला कुलूप होतं, शिपाई जेवायला गेला होता; त्याला घरून आणावं लागलं. दोन वाजून पाच मिनिटांनी शिक्का उमटला. जीपची वाट न बघता नवरा-बायको मोटारसायकलवरच निघाले. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागे अकरा मिनिटं गेली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी नवा दाखला टेबलावर होता. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो वाचला. जुना काढून शेजारी ठेवला.

“सोमवारी वापर नाही. गुरुवारी नियमित वापर आहे. सही एकाच माणसाची. पहिला रद्द केल्याचं कुठं लिहिलंय?”

“साहेब, दुरुस्त आणा म्हणालात, आणला.”

“दुरुस्त म्हणालो. हा दुसरा आहे. शिवाय पंचनाम्यात लिहिलंय, शनिवारपासून बंद होतं.”

“सासूनं स्वच्छ केलं म्हणून बंद होतं! घाण ठेवली असती तर आतापर्यंत मी बिनविरोध झाले असते.”

खोलीतले दोन कारकून कागदात तोंड घालून हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांचाही वैताग चेहऱ्यावर दिसत होता. अर्ज नामंजूर करून जागा पुन्हा रिकामी ठेवायची त्यांनाही हौस नव्हती. त्यांनी वेळेत मिळाला अशी नोंद दाखल्यावर केली आणि वरिष्ठांना फोन लावला. दोन्ही दाखल्यांचे फोटो पाठवा, मार्गदर्शन कळवतो, असं उत्तर आलं. फोटो तीन वाजून चार मिनिटांनी गेले.

सत्यशीलाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. साडेचारला चांगुणाबाईंचा फोन आला. आत जाऊ का, की साहेब परत येणार आहेत, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“जा, आत्या. रोज जा,” सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी फलकावर यादी लागली. इतर गावांच्या उमेदवारांची नावं होती. खडकवाडी, प्रभाग तीन, या ओळीपुढे ‘निर्णय प्रलंबित’ असं पेननं लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत वरिष्ठांचं मार्गदर्शन आलं नव्हतं. सत्यशीलाबाई पहिल्या जीपनं आल्या होत्या आणि त्याच बाकावर बसल्या होत्या.