चार वाजता लागणारी ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूबलाइट आहे आणि मोतीलाल नाना वारले. यातला शेवटचा भाग तुम्ही वाचलाच नाही असं समजा. घरात आम्हीही तसंच समजतो.

उशिरा समजणाऱ्या माणसांना लोक माझं नाव देतात. त्याचा मला राग आला, पण उशिरा.

भुसावळच्या या घरात नानांनीच मला बसवलं. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. शेजारी म्हणत, "नाना, तुमची तर वीज घरचीच!"

"घरचीच. बिल तेवढं बाहेरून येतं."

मग नाना विसरायला लागले. दिवसा बरे असत. ऊन उतरून कोपऱ्यात सावल्या आल्या की घाबरत. खुंटीवरच्या शर्टाला "साहेब, आलोच" म्हणत. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटे. शर्टालाही सांभाळून यायला सांगत.

"कुठी चालले?" त्यांची बायको लिलाबाई विचारत.

"ड्यूटीले. युनिट बंद पडलं. दिसत नाही का, अंधार झाला!"

जळगावचे डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळ व्हायच्या आधीच घरात भरपूर उजेड करा." तेव्हापासून लिलाबाई चारलाच पडदे ओढून मला लावत. आमच्या खोलीत संध्याकाळ यायचीच बंद झाली. नाना वर बघत, "चालू आहे ना? मग ठीक," म्हणत आणि चहात बिस्किट बुडवत. मित्रांनो, एवढं कौतुक माझं कुणी केलं नाही.

पुढे माझा स्टार्टर बिघडला. मुलगा प्रशील फोनवर म्हणाला, "आई, रविवारी येऊन बदलतो." त्याआधीच, मंगळवारी मी नुसतीच फडफडले. लिलाबाई कोपऱ्यावरच्या दुकानात स्टार्टर आणायला निघाल्या. "बसा बरं, आलेच मी."

दुकानात गर्दी होती. इकडे नाना उठले. त्यांनी कपाटावरचं हेल्मेट घातलं, रिकामा डबा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"घाबरू नको. आत्ता चालू करून येतो."

महामार्गावर अंधारून आलं होतं. ट्रकवाल्याला ते दिसले नाहीत, असं लोक नंतर याच खोलीत बसून सांगत होते.

नवा स्टार्टर पंधरा दिवसांनी बसला. लिलाबाई अजून चारलाच मला लावतात. "चालू आहे," असं खुर्चीला सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी संध्याकाळी घाबरत असेल, तर दिवा फडफडेल त्याच दिवशी दुरुस्त करा. रविवारची वाट पाहू नका. आणि माझा एवढा अर्ज पोचवा:

प्रति, मा. सक्षम अधिकारी.
विषय : मंगळवारची संध्याकाळ रद्द करणेबाबत.
महोदय, सदर संध्याकाळ मागील तारखेने रद्द करून श्री. मोतीलाल यांना घरी हजर दाखवण्यात यावे, ही नम्र विनंती.
सोबत : जुना स्टार्टर, एक नग.